घर विकून केलेला सराव : एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेची गोष्ट

१८३० साली नॉर्मंडीतल्या सँ-लो गावचा एक मुलगा पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. परीक्षा मुख्यतः गणिताची. मुलगा हुशार होता, काँ शहरातल्या विद्यालयात शिकलेला होता. पण त्या परीक्षेत जो सराव लागे तो प्रांतातल्या विद्यालयात मिळत नसे. त्याचे वडील सरकारी खात्यात साधे नोकर. त्यांनी घर विकले आणि आलेल्या पैशांवर मुलाला तयारीसाठी पॅरिसला पाठवले.

वर्षभर त्या मुलाने गणिते सोडवली. १८३१ साली त्याची निवड झाली. त्याचे नाव युर्बें ल व्हेरिए. पुढे पंधरा वर्षांनी, १८४६ मध्ये, युरेनसच्या कक्षेतील विसंगतीवरून त्याने एका न पाहिलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली. बर्लिनच्या वेधशाळेत गालेने २३ सप्टेंबरच्या रात्री दुर्बीण रोखली, तेव्हा सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत तो ग्रह सापडला. तोच नेपच्यून.

क्लाससाठी घर विकणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे : एका शाळेच्या प्रवेश परीक्षेला घराएवढी किंमत आली कशी? धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

त्यासाठी राज्यक्रांतीच्या आधीच्या फ्रान्समध्ये जावे लागेल. त्या काळी सैन्यातला अधिकारी होण्यासाठी पहिली अट जन्माची होती. घोडदळात आणि पायदळात कुळ पाहून भागत असे. तोफखाना, नौदल आणि दुर्गबांधणी या तीन खात्यांत मात्र कुळावर भागेना. तोफेचा गोळा उमरावाच्या आज्ञेने वळत नाही. म्हणून या खात्यांच्या शाळांनी कुळाच्या जोडीला गणिताची परीक्षा आणली, आणि परीक्षक म्हणून विज्ञान अकादमीतले नामांकित गणिती नेमले.

यांतला एक एतिएन बेझू. १७६४ पासून तो नौदलाच्या उमेदवारांचा परीक्षक होता आणि १७६८ पासून तोफखान्याच्याही. या उमेदवारांसाठी गणिताचे पाठ्यपुस्तकही त्यानेच लिहिले. परीक्षा घेणारा तोच आणि पुस्तक लिहिणाराही तोच! मग काय व्हायचे ते झाले. देशभरची मुले बेझूच्या पुस्तकाची पारायणे करू लागली. ‘अपेक्षित प्रश्न’ ही कल्पना किती जुनी आहे, हे शोधायचे असेल तर बेझूपासून आरंभ करायला हरकत नाही.

बेझूच्या मागून तोफखान्याचा परीक्षक झाला लाप्लास. १७८५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्यापुढे कोर्सिकातला एक सोळा वर्षांचा मुलगा उभा राहिला. त्यानेही बेझूच घोटला होता. निवडलेल्या ५८ जणांत त्याचा क्रमांक ४२ वा आला. नाव नेपोलियन बोनापार्ट. क्रमांक फारसा चांगला नाही असे वाटेल. पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी काळात, जेमतेम वर्षभरात, त्याने ही तयारी केली होती.

कुळाचा अडसर किती पक्का होता हे पाहायचे तर गास्पार मोंजची गोष्ट पाहावी. मोंज बोन गावच्या एका फिरत्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेझिएरच्या दुर्गबांधणी शाळेत तो आला, पण अधिकाऱ्यांच्या वर्गात त्याला जागा नव्हती. त्याचे काम नकाशे काढण्याचे. एकदा त्याला एका किल्ल्याचा आराखडा करायला सांगितला. शत्रूच्या तोफेला आतले काही दिसू नये इतकी तटबंदी कोठे किती उंच हवी, हे काढायचे होते. रूढ पद्धतीत त्यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने भूमितीने उत्तर काढले, आणि ते इतक्या लवकर काढले की वरिष्ठ ते तपासायलाच तयार होईना. एवढ्या वेळात आकडेमोड होणेच शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. अखेर तपासले तेव्हा ते बरोबर निघाले. घन वस्तू सपाट कागदावर अचूक उतरवण्याची ही मोंजची भूमिती मग सैन्याचे गुपित म्हणून अनेक वर्षे दडवून ठेवण्यात आली.

क्रांती झाली आणि हाच मोंज नव्या शाळेच्या संस्थापकांत आला. १७९४ च्या अखेरीस शाळा सुरू झाली. पुढल्या वर्षी तिला ‘एकोल पॉलितेक्निक’ हे नाव मिळाले. वयोमर्यादा १६ ते २०. पहिल्या तुकडीत सुमारे ४०० मुले. प्रवेशासाठी कुळाचा दाखला नको. अंकगणित, बीजगणित आणि भूमिती यांची परीक्षा हवी, आणि सोबत प्रजासत्ताकावरच्या निष्ठेचा दाखला. परीक्षा एकाच वेळी पॅरिसमध्ये आणि प्रांतांतल्या शहरांतही. जन्माचा दरवाजा बंद करून गणिताचा दरवाजा उघडणे, हा त्यामागचा उघड राजकीय हेतू होता. गणितच का निवडले? कारण त्यात वशिला लपत नाही, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. उत्तर एक तर येते किंवा येत नाही.

ही श्रद्धा किती खरी होती, हे त्या पहिल्या पाच वर्षांतल्याच एका विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकायला मिळते. ग्रनोब्लचा आंरी बेल. पुढे ‘स्तांदाल’ या नावाने कादंबरीकार म्हणून गाजलेला. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटत नव्हते, गाव नकोसे झाले होते. गावातून सुटायचा एकच मार्ग दिसत होता : गणित करायचे आणि पॉलितेक्निकच्या परीक्षेसाठी पॅरिस गाठायचे. त्याची आत्मकथा मी गणिताच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचली, आणि तिच्याइतका सरावी विद्यार्थ्याच्या मनाचा स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

शाळेत बेझूच शिकवला जाई. बेलला एक शंका छळत होती : ऋण गुणिले ऋण धन कसे? कर्जाला कर्जाने गुणले तर संपत्ती कशी निर्माण होईल? शिक्षकांना विचारले. त्यांच्याकडून समाधान होईना. मोठमोठे गणिती हे मान्य करतात, मग तू कोण, असाच एकूण सूर. मुलगा हिरमुसला. ज्या विषयात ढोंगाला जागा नाही म्हणून तो त्याकडे वळला होता, तिथेही त्याला ढोंग दिसू लागले.

बेलला न मिळालेले उत्तर तीन ओळींचे आहे. (−१) ला (१ + (−१)) ने गुणा. कंसाची किंमत शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. आता कंस सोडवा : (−१) × १ झाले −१, आणि उरले (−१) × (−१). दोहोंची बेरीज शून्य व्हायची असेल तर हे उरलेले पद +१ च असले पाहिजे. कर्जाची उपमा येथे चालत नाही, कारण कर्जाला कर्जाने कोणी गुणत नाही. हे त्याला कोणी का सांगितले नाही? परीक्षेत ‘का’ विचारले जात नव्हते. चिन्ह बरोबर आले की काम भागत होते.

अखेर गावात ग्रो नावाचा एक भूमितीचा शिक्षक त्याला भेटला. क्रांतीचा कडवा पक्षपाती, त्यामुळे घरच्यांना न चालणारा. त्याच्या शिकवणीचे पैसे आत्याआजीने वडिलांच्या नकळत दिले. १७९९ साली बेलने शाळेत गणिताचे पहिले बक्षीस मिळवले आणि नोव्हेंबरात तो पॅरिसला पोचला. नेपोलियनने सत्ता हाती घेतली त्याच दिवसांत. आणि परीक्षा? तिला तो बसलाच नाही. गावातून सुटका झाली होती. गणिताचे काम संपले होते.

नेपोलियनने १८०४ मध्ये शाळेला लष्करी शिस्त लावली आणि पाठोपाठ वार्षिक ८०० फ्रँक शुल्कही. येथून परीक्षा सर्वांना खुली राहिली खरी, पण तिच्या मागेपुढे पैशाची कुंपणे उभी राहिली. पुढचे कुंपण शुल्काचे, मागचे तयारीचे. पॅरिसच्या मोठ्या विद्यालयांत ‘विशेष गणित’ नावाचा वर्ग असे. त्याखेरीज खासगी शिकवणी संस्था होत्याच. प्रांतातल्या मुलाला आधी पॅरिसमध्ये राहण्याचा खर्च, मग संस्थेचा खर्च. ल व्हेरिएच्या बापाने घर विकले ते यासाठी.

त्या सरावाचे स्वरूप कसे होते? पहिल्या दशकांत परीक्षेचा कणा तोंडी होता. परीक्षक शहरोशहरी दौरे काढीत. उमेदवार खडू घेऊन फळ्यापाशी उभा राही. परीक्षक प्रश्न टाकी. उमेदवाराने बोलत बोलत फळ्यावर सिद्धता मांडायची. अडखळला की पुढचा प्रश्न. त्यामुळे नुसते उत्तर येणे पुरेसे नव्हते. ओळखीच्या वाटेने, न थांबता, दुसऱ्याला कळेल असे मांडता येणे आवश्यक होते. तयारीच्या वर्गांत आठवड्याच्या आठवड्याला याच प्रकारच्या तोंडी उलटतपासण्या होत. या वर्गाला फ्रेंच विद्यार्थी ‘तोप’ म्हणजे चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे नाव देत. कोणी म्हणतात, सुरुंग खणणाऱ्या लष्करी अभियंत्यांवरून. कोणी म्हणतात, दिवसाचा उजेड न पाहणाऱ्या विद्यार्थ्यांवरून. दुसरी व्युत्पत्ती मला अधिक पटते. शास्त्रीय कारण काही नाही.

पॉलितेक्निकचे टोपणनाव ‘एक्स’. या वर्गांतला एक जुना विनोद गणिताच्या वाचकांसाठी. दुसऱ्या वर्षाला परीक्षा देणाऱ्या मुलाला म्हणतात ‘तीन छेद दोन’. एकदा हुकल्यावर पुन्हा बसणारा तो ‘पाच छेद दोन’. का? क्षचे १ ते २ या मर्यादांत संकलन केले तर येतात ३/२. २ ते ३ मध्ये केले तर ५/२. म्हणजे दुसऱ्या वर्षातून ‘एक्स’मध्ये शिरणारा आणि तिसऱ्यातून शिरणारा. नापास झालेल्या मुलाला हिणवतानाही संकलन करून हिणवायचे!

आता एव्हारिस्त गाल्वा. या विषयावरचा धागा त्याच्याशिवाय पुरा होणार नाही, आणि त्याच्याविषयी जितके चुकीचे फिरवले जाते तितके क्वचितच कोणाविषयी फिरवले जात असेल.

लोकप्रिय गोष्ट अशी : अलौकिक बुद्धीचा मुलगा, मठ्ठ परीक्षक, मुलाचा संताप, आणि त्याने परीक्षकाच्या तोंडावर फेकलेला फळा पुसायचा फडका. विसाव्या शतकात एरिक टेंपल बेलच्या १९३७ च्या गाजलेल्या पुस्तकाने ती जगभर नेली. फडक्याच्या प्रसंगाला समकालीन पुरावा नाही. जे पुराव्याने उभे राहते ते या दंतकथेपेक्षा जास्त अस्वस्थ करणारे आहे.

गाल्वा पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयाचा विद्यार्थी. १८२८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षात असताना, ‘विशेष गणित’ वर्ग न करताच, एक वर्ष आधी त्याने परीक्षा दिली. नापास. यात कोणाचा अन्याय नव्हता. तयारीच झाली नव्हती. त्यानंतर तो लुई रिशार या शिक्षकाच्या वर्गात गेला. रिशारने त्याला ओळखले. हा मुलगा इतर सर्वांपेक्षा स्पष्टपणे वरचढ आहे, असा शेरा त्याने दिला. आणि त्याच शिक्षकाने असेही नोंदवले की हा फक्त गणिताच्या वरच्या भागातच काम करतो.

हा दुसरा शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचा साध्या भाषेत अर्थ : हा मुलगा सराव करत नाही. एप्रिल १८२९ मध्ये त्याचा पहिला लेख एका गणिती नियतकालिकात छापून आला. मे महिन्यात समीकरणांविषयीचे त्याचे संशोधन अकादमीपुढे गेले. कोणती समीकरणे मूळ काढण्याच्या क्रियांनी सुटतात आणि कोणती नाही, या शेकडो वर्षांच्या प्रश्नाला तो भिडला होता. वर्गातले सोबती मात्र त्या वेळी फळ्यापाशी मांडणी घोटत होते.

२ जुलै १८२९ रोजी गाल्वाच्या वडिलांनी आत्महत्या केली. ते बूर-ला-रेन गावचे नगराध्यक्ष होते. गावातल्या नव्या धर्मगुरूच्या बाजूने झालेल्या बदनामीने ते खचले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा दुसऱ्यांदा, म्हणजे अखेरच्या संधीला, फळ्यापाशी उभा राहिला. दिने नावाच्या परीक्षकाने लॉगॅरिदमविषयी साधा प्रश्न विचारला आणि गाल्वाने तो उत्तर देण्याच्या लायकीचा मानला नाही, असे सांगतात. तो मधल्या पायऱ्या गाळून बोले; डोक्यातल्या डोक्यात पुढे निघून जाई. फळ्यावरच्या परीक्षेत गाळलेली पायरी म्हणजे न येणारी पायरी. तो पुन्हा नापास झाला.

दोष परीक्षकाचा? परीक्षेचा? ओलरी तेर्केम या गणित-संपादकाने पुढे निकाल दिला की, श्रेष्ठ बुद्धीचा उमेदवार कनिष्ठ बुद्धीच्या परीक्षकापुढे बुडतोच. वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण मला ते पुरते मान्य नाही. त्याच वर्षी गाल्वाने दुसऱ्या एका शाळेची, शिक्षक घडवणाऱ्या एकोल नॉर्मालची, परीक्षा दिली. तिथल्या गणिताच्या परीक्षकाने लिहिले की मुलाची मांडणी कधी कधी दुर्बोध असते, पण बुद्धी आहे आणि संशोधनाची वृत्ती विलक्षण आहे. म्हणजे तोच मुलगा, तोच दोष. पण एका परीक्षकाने दोषाच्या पलीकडे पाहिले आणि दुसऱ्याने पाहिले नाही. भौतिकशास्त्राच्या परीक्षकाने मात्र त्याला काहीच येत नाही, असे ठणकावून लिहिले. तेही बहुधा खरेच असावे!

३१ मे १८३२ रोजी द्वंद्वयुद्धातल्या जखमेने गाल्वा मरण पावला. वय २०. त्याचे काम १८४६ मध्ये जोसेफ लिऊव्हिलने छापले. लिऊव्हिल स्वतः पॉलितेक्निकमधून शिकलेला. ज्या वर्षी घर विकून तयारी केलेला मुलगा नेपच्यूनमुळे जगप्रसिद्ध झाला, त्याच वर्षी दोनदा नापास झालेल्या मुलाचे गणित प्रथम लोकांपुढे आले. ल व्हेरिएही रिशारच्याच विद्यार्थ्यांत मोडतो. स्वतः एकही शोधनिबंध न छापणारा हा शिक्षक माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा खरा नायक आहे.

येथवर वाचून सराव म्हणजे बुद्धीचा शत्रू, असे कोणाला वाटले असेल तर त्याने १८४२ साल पाहावे. त्या वर्षी तेर्केम आणि जेरोनो यांनी एक मासिक काढले : ‘नूव्हेल आनाल द मातेमातिक’. उपशीर्षकातच लिहिले होते की हे पॉलितेक्निक आणि नॉर्मालच्या उमेदवारांचे नियतकालिक आहे. जेरोनो स्वतः उमेदवारांना शिकवणारा. परीक्षेत आलेले प्रश्न, त्यांची उत्तरे, सोप्या सिद्धता आणि वाचकांसाठी सोडवायला टाकलेली गणिते. एका अर्थाने शुद्ध गाइड. ते १९२७ पर्यंत चालले.

पण या गाइडच्या प्रश्नांत काय काय येत असे पाहा. १८७५ मध्ये एद्वार ल्युकाने एक प्रश्न टाकला : तोफगोळ्यांची चौरस पायावर रास रचली, वरच्या थरात १, खाली ४, मग ९, असे थर, तर एकूण गोळ्यांची संख्या पूर्ण वर्ग केव्हा होईल? एकच गोळा असण्याची क्षुल्लक बाब सोडली तर उत्तर एकच आहे, असे सिद्ध करा. १ पासून २४ पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज ४९००, आणि ४९०० म्हणजे ७० चा वर्ग. उत्तर शाळकरी मुलाला पडताळता येते. दुसरे उत्तर नाही, याची पूर्ण सिद्धता यायला मात्र १९१८ साल उजाडले, ती जी. एन. वॉटसनने दिली. उमेदवारांच्या मासिकातले एक गणित ४३ वर्षे पुरले!

त्याच मासिकाच्या पहिल्याच वर्षी लुई-ल-ग्रांच्या एका विद्यार्थ्याचा लेख आला. विषय पंचघाती समीकरण, म्हणजे गाल्वाचेच क्षेत्र. विद्यार्थी शार्ल एर्मित, आणि त्याचाही शिक्षक रिशार. एर्मितही परीक्षेच्या उदाहरणांपेक्षा लाग्रांज आणि गाउस वाचण्यात रमणारा. पण तो कसाबसा आत शिरला : १८४२, क्रमांक ६८ वा. जन्मतः एका पायात दोष असल्याने वर्षभरातच त्याच्या तिथे राहण्यावर हरकत घेतली गेली. नंतर घातलेल्या अटी त्याला मान्य नव्हत्या. त्याने शाळा सोडली.

गणिताच्या दरवाजातून शिरलेल्याला अशी इतर कारणांनी वाट दाखवली जात होती, आणि काहींना तर दरवाजापर्यंतही येऊ दिले जात नव्हते. शाळा सुरू झाली तेव्हा सोफी जेर्मां अठरा वर्षांची होती. मुलींना प्रवेश नव्हता. तिने व्याख्यानांच्या वह्या मिळवल्या आणि ‘मस्यू ल ब्लां’ या पुरुषी नावाने लाग्रांजला आपले काम पाठवले. पॉलितेक्निकची परीक्षा मुलींसाठी १९७२ मध्ये खुली झाली. त्या पहिल्या वर्षी सात मुली आत आल्या आणि संपूर्ण यादीत पहिला क्रमांक आला आन शोपिने हिचा. १७८ वर्षांच्या युक्तिवादाला यापेक्षा थोडक्यात उत्तर देता आले नसते.

एर्मितकडे परत येऊ. रिशारने आपल्या वर्गात गाल्वाने लिहिलेले गृहपाठाचे कागद जपून ठेवले होते. नापास झालेल्या, पुढे राजकारणात तुरुंगात गेलेल्या, विशीत मेलेल्या एका विद्यार्थ्याच्या सरावाचे कागद. ते त्याने एर्मितला दिले. १८५८ मध्ये एर्मितने पंचघाती समीकरण एका नव्याच प्रकारच्या फलांच्या साहाय्याने सोडवून दाखवले. १८७३ मध्ये ‘ई’ ही संख्या बीजातीत आहे हे सिद्ध केले.

त्याआधी, १८४८ मध्ये, पंचविशीत असताना, त्याला पहिली सरकारी नेमणूक मिळाली होती. नेमणूक एकोल पॉलितेक्निकमध्ये. कामांपैकी एक, प्रवेश परीक्षेचा परीक्षक. आता फळ्यापाशी नवे मुलगे उभे राहणार होते आणि प्रश्न एर्मित विचारणार होता.